मुकुंदाचा न लिहिलेला तपास

तार आली तेव्हा मी दारातल्या उन्हात बसून शाळेतल्या मुलींनी वेडंवाकडं घातलेलं शिवण उसवत होते. आमचा पोस्टमन एरवी रस्त्यावरूनच हाक मारायचा, "काय बाबूराव, आज कुणाचा तपास?" माझ्या धाकट्या भावाच्या कादंबरीतले बाबूराव म्हणजे मीच, हे साऱ्या भोरला ठाऊक होतं आणि या गृहस्थाला तर ती कादंबरी जवळजवळ पाठ होती. त्या दिवशी तो ओट्यापाशी आला, टोपी काढून उभा राहिला आणि नुसतं "अक्का" म्हणाला. पुढचं वाचायची मला गरज पडली नाही. मुकुंदा पुण्यात वारला होता. छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मिळेल त्या मोटारीने मी निघाले, तर मोटार कामथडीला बंद पडली. ड्रायव्हर खाली वाकून काहीतरी ठोकत बसला आणि मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले... पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परत येऊन हातपाय धुवत होती.

या पुरवणीच्या संपादकांनी मला कळवलं, की दोन पानं लिहा, मुकुंदरावांना शोभेल असं हलकंफुलकं लिहा. त्यांचं चुकलं नाही. गेले कित्येक आठवडे समाचाराला येणारा प्रत्येक जण हेच करतो आहे. दाराशी डोळे पुसतो, आत येऊन बसतो, पाणी पितो, आणि मग "दीड शहाण्यांचा तपास" या कादंबरीतला एखादा प्रसंग काढून हसायला लागतो. तात्या म्हशीची जबानी घेतात तो प्रसंग, किंवा चोराची टोपी म्हणून सासऱ्याचीच टोपी जप्त करतात तो. मग सगळे माझ्याकडे बघतात. बाबूराव हसले की नाही ते बघायचं असतं त्यांना. मी हसते. हसून हसून मी आता थकून गेले आहे. ज्यांना ते पुस्तक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, की त्यात तात्या आणि बाबूराव असे दोन हौशी गुप्तहेर आहेत. कुणी बोलावलेलं नसताना ते दुसऱ्यांच्या घरच्या चोऱ्या शोधायला जातात आणि घरच्यांना चोर परवडला असं करून सोडतात.

तात्या म्हणजे तो स्वतः आणि बाबूराव म्हणजे मी. मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आले, पुढे शिकले, भोरला मुलींच्या शाळेत लागले. मुकुंदा मुलांच्या शाळेत मास्तर होता. लग्न होऊन तो पुण्याला जाईपर्यंत आम्ही बहीणभाऊ एकत्रच राहायचो. त्याला इंग्रजी गुप्तहेरकथांचं वेड. मी त्याच्याकडून त्या ऐकायची, आणि चोर कोण ते त्याच्या आधी सांगून त्याचा विरस करायची. शाळेतली हेडमास्तरांची हरवलेली छत्री त्याने शोधून काढली, तेव्हापासून गावात त्याला थट्टेने गुप्तहेर म्हणायचे. ती छत्री त्याने स्वतःच चुकून घरी आणली होती आणि कोपऱ्यात मला दिसली होती, ही गोष्ट वेगळी. पुस्तकात त्याने मला पुरुष केलं, वर भरघोस मिशा दिल्या. मी चिडले तेव्हा म्हणाला, "अक्का, पांढऱ्या लुगड्यातली बाई रानोमाळ चोर शोधत फिरते असं लिहिलं तर लोक पुस्तक जाळतील. मिशा लावल्या तर विकत घेतील." त्याचं म्हणणं खरंच ठरलं. तरी त्या मिशांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

लोक नेहमी विचारायचे, यातला खरा तपास कुठला? मुकुंदा हात झटकून सांगायचा, "आमच्या नशिबी फक्त छत्र्या!" ते खरं नव्हतं. एक तपास खरा होता. तो पुस्तकात कुठेच नाही, आणि तोच मला आज लिहायचा आहे. गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना हिर्डोशीच्या बाजूला डोंगरात एक लहान गाव आहे, एवढं पुरे.

त्या गावाच्या वर धनगरवाडा होता. तिथली ठकूबाई दर बाजाराला आमच्याकडे लोणी घेऊन यायची. बाई मोठी बोलकी, लोणी तोलण्याआधी साऱ्या डोंगराच्या बातम्या सांगायची. एकदा चैत्राच्या सुरुवातीला ती आली ती रिकाम्या हाताने, आणि ओट्यावर बसून रडायला लागली. गावच्या भैरोबाचा चांदीचा मुखवटा देवळातून नाहीसा झाला होता. जत्रा तोंडावर आलेली. आदल्या दुपारी ठकूबाईचा मुलगा बिरू देवळाच्या सावलीत झोपलेला कुणीतरी पाहिला होता, तेवढ्यावरून आळ त्याच्यावर आला. गावकी बसली आणि ठरलं, की जत्रेपर्यंत देव परत आला नाही तर धनगरांनी गावच्या रानात गुरं घालायची नाहीत आणि गावच्या पाण्यावर यायचं नाही. चैत्र-वैशाखात त्या डोंगरावर दुसरं पाणी कुठलं? म्हणजे वाडा मोडायचा, म्हशी हाकायच्या आणि वाट फुटेल तिकडे जायचं. पोटुशी सून घेऊन.

"मास्तर, तुमी म्हनं चोर धरता," ठकूबाई म्हणाली. "माझ्या बिरूनं देवाला हात न्हाई लावला. त्यो भैरोबाची आन घिऊन सांगतुया. तुमी चला. तुमी शिकल्याली मान्सं, तुमचं ऐकत्याल."

मुकुंदाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. कथेतल्या चोरीत कुणाची म्हैस तहानेने मरत नाही. पण ठकूबाईला नाही म्हणण्याची दोघांचीही छाती झाली नाही. त्याने शाळेच्या कपाटातलं भिंग घेतलं, मी वाटेत उकड करायला तांदळाची पिठी बांधून घेतली, आणि सुट्टीच्या दिवशी निम्मी वाट बैलगाडीने, निम्मी पायी, असं आम्ही ते गाव गाठलं. पाटील म्हातारे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी दारात पाय धुवायला पाणी दिलं, सोप्यात घोंगडी अंथरली, गूळ-पाणी दिलं. मुकुंदाने आपण तपासाला आलो असं सांगितलं, तर ते नुसतं "करा की," म्हणाले. त्या आवाजात चीड नव्हती की आशाही नव्हती.

मग जे झालं ते पुस्तकात घातलं असतं तर सगळ्यांत जास्त हशा त्यालाच मिळाला असता. मुकुंदाने देवळाचा कोपरा न् कोपरा भिंगातून पाहिला. त्याच्यामागे सारं गाव हिंडत होतं. एका आजींना त्याने भिंगातून त्यांचा अंगठा दाखवला, तर त्या घाबरून खालीच बसल्या. गुरव, म्हणजे देवाची पूजा करणारा थकलेला म्हातारा, प्रत्येक प्रश्नाला "न्हाई जी" एवढंच म्हणत होता. संध्याकाळी मुकुंदाला पुस्तकी युक्ती सुचली. चोर चोरीच्या जागी एकदा तरी परत येतो, म्हणून त्याने माझी पिठी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर पातळ पसरून ठेवली. सकाळी पाऊल उमटलेलं दिसलं, की ते प्रत्येकाच्या पायाशी ताडून बघायचं. मी म्हटलं, "मुकुंदा, इथे साऱ्या गावासमोर पिठी पसरलीस. चोर काय आंधळा आहे?" तो म्हणाला, "बाबूराव, तुम्ही गप्प बसा." ते नाव तेव्हा पहिल्यांदा निघालं.

सकाळी फटफटल्यावर त्याला राहवलं नाही. मी तोंड धूत होते तेवढ्यात तो एकटाच देवळात गेला. जाताना पिठीवरून आठवणीने उडी मारली, आत भिंग घेऊन पुन्हा कानाकोपरा तपासला आणि बाहेर येताना विचाराच्या नादात पिठीवर अख्खा पाय ठेवला. पिठीच्या मधोमध एक स्वच्छ पाऊल, बोटं बाहेरच्या बाजूला. ते पुसायला तो वाकणार, इतक्यात गुरव पूजेचं पाणी घेऊन आला, त्याने पाऊल पाहिलं आणि ओरडत सुटला, "द्येव चालला! द्येव चालत ग्येला!"

मी पोचले तेव्हा देवळापुढे गर्दी झाली होती. माझा भाऊ खांबाला टेकून उभा, चेहरा पिठीसारखा. पाऊल कुणाचं हे मला बघताक्षणीच कळलं. मुकुंदाचे पाय जन्मापासून सपाट. तळव्याला खळगी म्हणून नाहीच, ओल्या पायाने चालला की जमिनीवर भाकऱ्या थापल्यासारख्या दिसायच्या. पाटील आले. ते त्या पावलापाशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देव आपल्या पायानं भाईर ग्येलाय. चोरी झालीच न्हाई. धनगरावर बोल न्हाई."

"पाटील, ते पाऊल..." मुकुंदाने तोंड उघडलं.

"मास्तर," पाटील शांतपणे म्हणाले, "तुमी शिकल्याली मान्सं. पर हे देवाचं काम हाय. हितं तुमी बोलू नगा."

मुकुंदाने माझ्याकडे पाहिलं. मग बाजूला पाहिलं, तर तिथे बिरू उभा होता. वीस-बाविशीचा तो दणकट मुलगा तोंडावर मुंडासं दाबून लेकरासारखा हमसत होता, आणि ठकूबाई भुईवर डोकं टेकून होती. मुकुंदाचं तोंड मिटलं. पायांत वहाणा सरकवून तो माझ्याबरोबर गावाबाहेर पडला, तो मागे वळून न बघता.

खरी गंमत पुढेच आहे. चोर त्याला सापडला होता. परतीच्या वाटेवर एका करवंदीच्या जाळीपाशी आम्ही दम खायला बसलो, तेव्हा त्याने सांगितलं. जत्रेआधी मुखवटा चिंच लावून घासायची तिथली रीत. देवळातली समई, घंटा, पंचारती सगळं लखलखीत घासलेलं होतं आणि चिंचेचा चोथा नदीच्या डोहाकाठी खडकावर वाळलेला त्याने पाहिला होता. मुखवटा चोरीला गेला नव्हता. घासताना म्हाताऱ्या गुरवाच्या हातातून तो डोहात निसटला होता, आणि भीतीने गुरवाची वाचा बसली होती. मी म्हटलं, "मग परत चल. सांग सगळ्यांना." तो म्हणाला, "सांगितलं तर गुरवाची पूजा जाईल. त्याला दुसरं काय येतं, अक्का? आणि आता पाऊल माझं म्हटलं, तर पाटलांचा शब्द खोटा पडेल आणि सगळे परत बिरूवर उठतील." जत्रा त्या वर्षी जुन्या लाकडी मुखवट्यावर झाली. वैशाखात डोह आटला तेव्हा चांदीचा मुखवटा वाळूत मिळाला. देव न्हायला गेला होता, आता परत आला, असं म्हणून त्याला वाजतगाजत देवळात आणलं. धनगर डोंगरावरच राहिले. मुकुंदाचा सगळा कयास खरा ठरला आणि त्याची शाबासकी द्यायला मी एकटीच होते.

एखाद्याने हे मनातल्या मनात मिरवलं असतं. मुकुंदाला ते लागलं. आपण भोळ्या माणसांना फसवलं, देवाच्या जागी आपला पाय पुजायला लावला, हे त्याच्या मनातून गेलंच नाही. ठकूबाई लोणी घेऊन आली की तो मागच्या दाराने बाहेर पडायचा. जत्रेचा नारळ तिने आणून दिला तर त्यातला तुकडा तो तोंडात घालत नसे. त्या गावाला तो परत कधी गेला नाही. ती कादंबरी त्याने पुढच्याच पावसाळ्यात लिहिली. तिच्या शेवटी तात्या सगळ्यांना गोळा करून चोर कोण ते सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात. ते पान मला वाचून दाखवताना त्याचा आवाज बसला होता. मी विचारलं, तर सर्दी झाली म्हणाला.

गेल्या भाऊबीजेला मी पुण्याला गेले होते. ओवाळून झाल्यावर भावजय आत गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "अक्का, इतकी वर्षं झाली. बिरूला आता कोण काय करणार? मी गेलो तर तू एकदा त्या गावात जाऊन खरं सांगशील?" मी त्याला फटकारलं. म्हटलं, "मी थोरली. आधी माझा नंबर." तो हसला, आणि ताटातली करंजी माझ्या तोंडाशी धरली... तेच आमचं शेवटचं बोलणं. बाकी सगळं निरोपाचं, मोटार चुकेल, शाल घे, असलं.

म्हणून मी गेले. मला जायचं नव्हतं. या वयात, या गुडघ्यांनी, त्या चढणीवर, आणि तेही सुखाने नांदणाऱ्या माणसांना तुमचा देव चालला नव्हता हे सांगायला! वाटेत बसताउठता मी मुकुंदाला मनसोक्त शिव्या दिल्या. मेल्यावरसुद्धा बाबूरावांनाच पुढे घालतोस, म्हटलं. जुने पाटील वारले होते, गुरवही गेला होता. म्हणून मी आधी धनगरवाड्यावर गेले. ठकूबाई उन्हात बसली होती, डोळ्यांनी अधू झालेली. बिरूचे केस पिकलेले, त्याची मुलगी सासरी गेलेली. मुकुंदा गेल्याचं ऐकून म्हातारी किती वेळ माझा हात धरून बसली. मग मी मन घट्ट केलं आणि सगळं सांगितलं. पिठी, उडी, पाऊल, सगळं.

ठकूबाईने ऐकून घेतलं. बिरूकडे तोंड फिरवलं.

"आक्का," ती म्हणाली, "ह्ये सांगाया येवढा डोंगुर चढून आलीस व्हय? आगं, त्ये समद्यास्नी ठावं हाय. मास्तरानं आल्या आल्या पाटलाच्या दारात पाय धुतलं, त्ये सारवनावर उमटलं. बाया त्वांडाला पदर लावून हसल्या व्हत्या. असला पाय ह्या डोंगरात हाय का कुनाचा?"

"मग पाटील तसं का बोलले?" मी विचारलं.

"गावकीनं दिल्याला सबूद गावकीला मागं घेता येत न्हाई, बाई. पाटलाला चार रोज झोप नव्हती. माझा बिरू चोर न्हाई हे त्यास्नी बी कळत हुतं. पर सबूद ग्येला तो ग्येला. त्यो माघारी घ्यायचा तर देवानंच घ्यावा लागतुया. तेवढ्यात मास्तरानं पाय ठिवला."

"आणि आम्हाला कुणी सांगितलं नाहीत?"

"आमाला वाटलं, मास्तरानं आमच्यासाटी मुद्दाम ठिवला," बिरू पहिल्यांदाच बोलला. "थोर मानूस. आपुन व्हऊन सांगत न्हाई, तर आपुन कशापायी त्येचं त्वांड उघडायचं? आय लोनी घिऊन जायाची तवा मास्तर भाईर निघून जायाचं. आमी म्हनायचो, उपकाराचं बोलनं नको असंल त्यास्नी."

मला रडू आलं नाही, राग आला. पाटलांचा, ठकूबाईचा, मुकुंदाचा, आणि कुणाचा धड नाही. एवढ्याशा डोंगरावर एका बाजूला सारं गाव त्याची लाज राखत होतं, दुसऱ्या बाजूला तो गावाचा देव राखत होता, आणि मधल्या दिवसभराच्या वाटेवर कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. त्याने एकदा, फक्त एकदा, मागच्या दाराने न जाता ठकूबाईसमोर बसायला हवं होतं. तो जत्रेच्या नारळाला हात लावत नव्हता रे बाबांनो, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ठकूबाईने माझा हात अजून सोडला नव्हता, म्हणून ते मी गिळलं. हे छापायचं का, असं मी निघताना बिरूला विचारलं. तो म्हणाला, "छापा की. गावाचं नाव तेवढं ल्हिऊ नगा, न्हाईतर भाईरची लोकं हसत्याल."

रविवार होता, भैरोबाचा वार. बिरू मला देवळात घेऊन गेला. गाभाऱ्याबाहेर, उंबऱ्याला लागून, काळ्या दगडात एक पाऊल कोरून बसवलेलं होतं. पाटलांनी शेवटच्या दुखण्यात पाथरवट बोलावून ते करून घेतलं, बिरू म्हणाला. देवाच्या पादुका मी खूप पाहिल्या आहेत. त्यांचे तळवे नाजूक असतात, मधे खळगी असते. हे पाऊल टाचेपासून चवड्यापर्यंत एकसारखं सपाट होतं, करंगळी जराशी बाहेर झुकलेली. पाथरवटाने काहीही सुधारलं नव्हतं. त्यावर ओलं कुंकू होतं, दोन झेंडूची फुलं होती. गावच्या बायका पाण्याच्या घागरी घेऊन येत होत्या, एकेक जण वाकून पाणी घालत होती, डोकं टेकवत होती आणि पुढे सरकत होती. मी तिथेच उभी राहिले. माझ्यामागे एक नवी नवरी थांबली होती, कडेवर घागर, हळूच म्हणाली, "आक्का, पुढं व्हा की." थोरल्या बहिणीने धाकट्या भावाच्या पाया पडायचं नसतं, आमच्यातच काय, कुणाच्यातच नसतं. मी गुडघ्याला हात देत खाली बसले, पदर सावरला आणि मुकुंदाच्या पाया पडले.